स्पायरोमेट्री: फुंकण्याच्या तपासणीचा माझा अनुभव

पहाटेचा खोकला आणि जिना चढताना छातीतून येणारी बारीक शिट्टी पावसाळा संपला तरी थांबेना, तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी स्पायरोमेट्री करून घेण्यास सांगितले. एक्स-रे स्वच्छ होता; परंतु श्वासनलिका आकुंचन पावून हवेचा वेग कमी होतो आहे का, हे त्यात कळत नाही, असे ते म्हणाले. किमान ४ तास आधी तात्पुरता आराम देणारा पंप घ्यायचा नाही, पोटभर जेवायचे नाही आणि कपडे सैल घालायचे, एवढेच पथ्य होते.

टेक्निशियन ताईंनी चपला काढायला लावून उंची मोजली व वय विचारले, कारण आपले आकडे त्याच वयाच्या, उंचीच्या आणि लिंगाच्या निरोगी व्यक्तीच्या अपेक्षित आकड्यांशी ताडून पाहिले जातात. मग नाकाला चिमटा लावला. ही तपासणी दुखत नाही, पण सोपीही नाही. छाती काठोकाठ भरून घ्यायची, न रेंगाळता सगळा जोर लावून हवा सोडायची आणि आत काहीच उरले नाही असे वाटू लागल्यावरही निदान ६ सेकंद फुंकतच राहायचे. ‘अजून, अजून, थांबू नका!’ असे ताई इतक्या जोशात ओरडत होत्या की कबड्डीचा सामनाच चालू आहे असे बाहेर बसलेल्यांना वाटले असावे. त्यांच्या ओरडण्याचे महत्त्व मला तिथेच पटले. रुग्णाने जोर कमी लावला, तर यंत्र तो कमी आकडाही निमूटपणे छापते. खोकल्याने तुटलेला प्रयत्न त्यांनी बाद ठरवला. तीन प्रयत्न ग्राह्य हवेत आणि त्यांतील सर्वोत्तम दोहोंमध्ये १५० मिलिलिटरहून अधिक फरक नसावा, असा दंडक असल्यामुळे गरगरले की जरा बसून पुन्हा फुंकावे लागते.

त्यानंतर स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून) साल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचे चार पफ, १५ मिनिटांची विश्रांती आणि पुन्हा तेच सारे. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १.९० लिटरवरून २.३० लिटरवर गेली होती. औषधाने एवढा फरक पडणे, तोही अशा लक्षणांसोबत, हे दम्याकडे बोट दाखवते, असे डॉक्टरांनी आलेखावर बोट ठेवून समजावले आणि रोजचा पंप लिहून दिला. पुढच्या तपासणीआधी तोही बंद ठेवायचा का, असे मी विचारले. त्यावर ते म्हणाले, ‘नाही, तेव्हा औषध किती लागू पडले ते पाहायचे आहे, पंप घेऊनच या.’