मागोमे ते त्सुमागो, आईच्या गुडघ्यांसकट

जपानच्या डोंगरातली मागोमे आणि त्सुमागो ही दोन जुनी गावं, मधली वाट लोक पायी करतात, मी आईबरोबर केली. सगळ्यात आधी महत्त्वाचं: मागोमेहून त्सुमागोला जा, उलटं जाऊ नका. मागोमे साधारण ६०० मीटर उंचीवर, वाटेतली खिंड ८०० च्या आसपास आणि त्सुमागो ४२० वर, म्हणजे सुरुवातीला थोडा दम लागतो आणि मग उतारच उतार. उलट्या बाजूने आलात तर जवळपास दुप्पट चढ. अंतर ८ किलोमीटर, लोक अडीच-तीन तासात करतात, आम्हाला चार लागले कारण बरोबर आई होती, आणि आईला दिसेल त्या अंगणातली भाजी बघायची होती.

हा रस्ता म्हणजे नाकासेंदो, एदो म्हणजे आताचं तोक्यो ते क्योतो, डोंगरातून जाणारा जुना राजमार्ग. वाटेत ६९ मुक्काम, त्यातला त्सुमागो ४२ वा, मागोमे ४३ वा. प्रत्येक ठिकाणी घोडे आणि हमाल बदलायचे, सरदार लोकांचा वाडा वेगळा, बाकीच्यांना साध्या खानावळी.

आम्ही नागोयाहून निघालो. शिनानो एक्सप्रेसने नाकात्सुगावा ५० मिनिटं, तिथून मागोमेची बस अर्धा तास पण नाही. रेल्वेचा पास असला तरी या बसला चालत नाही, सुटे पैसे ठेवा. गावातल्या बऱ्याच दुकानातही कॅशच लागते. मोठ्या बॅगा मागोमेच्या माहिती केंद्रात दिल्या की त्या त्सुमागोच्या केंद्रात मिळतात, पैसे पडतात पण पडू देत. सकाळीच द्याव्या लागतात, आणि ही सोय तुमच्या तारखेला चालू आहे का ते आधी बघून घ्या.

मागोमे म्हणजे दगडी फरसबंदीची एकच खडी चढण, दोन्ही बाजूंना दुकानं. दिसायला एक नंबर, पण खरं सांगू का, १८९५ आणि १९१५ च्या आगीत गाव जवळपास सगळं जळलं आणि आता दिसतं ते नंतर बांधलेलं. गर्दी पण मजबूत. गोहेइ मोची मात्र खा, भात कुटून काडीला लावतात आणि अक्रोड आणि मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनचं) वाटण फासून निखाऱ्यावर भाजतात. आम्ही नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलो म्हणून कुरी-किंतोनही मिळालं, चेस्टनट आणि साखर, बस. आई म्हणाली हा तर पेढाच, दूध विसरलेत. शाकाहारींनी एक लक्षात ठेवा, सोबा नूडल्सच्या रश्श्यात आणि सूपमध्ये बहुतेक वेळा माशाचं पाणी असतं, "व्हेज आहे का" विचारून उपयोग नाही. आम्ही दशम्या आणि चटणी नेली होती.

खिंडीच्या अलीकडे-पलीकडे वाटेवर अस्वलांसाठी घंटा टांगल्यात, म्हणजे अस्वलाला कळावं की माणसं येतायत, जोरात वाजवा असं लिहिलेलं असतं. आईने पहिली घंटा वाजवली आणि सवयीने हात जोडले. मग प्रत्येक घंटेला तेच. मागून येणारं एक जोडपं तिचं बघून हात जोडायला लागलं, मी काही बोलले नाही.

मध्ये एक जुनं चहाघर आहे, तिथे चहा फुकट, पेटीत इच्छेने टाका. चुलीजवळ बसलो तर आईचे गुडघे वीस मिनिटं हलायला तयार नव्हते. पुढे उतारावर ओल्या दगडांवर शेवाळं असतं, बूट चांगले घाला, चढापेक्षा गुडघ्याला त्रास इथे होतो. काठी नेली असती तर बरं झालं असतं.

आणि मग त्सुमागो. रेल्वे आणि मोठा रस्ता दुसरीकडून गेल्यावर हे गाव ओस पडत चाललं होतं, १९६८ पासून घरं दुरुस्त करायला घेतली, आणि १९७१ मध्ये गावकऱ्यांनी ठरवलं: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. आपल्याकडे एका वाड्यातल्या चार भावांचं एकमत होत नाही! विजेच्या तारा दिसत नाहीत, दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्या बंद. पण वरच्या मजल्यावर गाद्या वाळत घातलेल्या, ओसरीवर सोललेल्या पर्सिमॉन फळांच्या माळा, म्हणजे लोक राहतायत.

वाकीहोंजिन ओकुया, म्हणजे सरदारांच्या मुक्कामाचा दुसरा वाडा, चुकवू नका, तिकीट आहे. १८७७ चं घर, सगळं हिनोकी म्हणजे जपानी सायप्रसच्या लाकडाचं. एदोच्या काळात, म्हणजे १८६८ पर्यंत, इथल्या किसो खोऱ्यात ही झाडं तोडायला सामान्य माणसाला बंदी होती, एका झाडाला एक मुंडकं असा हिशोब. बंदी गेल्यावर मालकाने हौस भागवून घेतली म्हणायची. जमिनीत चौकोनी चूल पेटलेली असते, उंच खिडकीच्या गजांतून ऊन धुरात तिरकं उतरतं आणि तो प्रकाश हळूहळू फरशीवरून सरकतो. आई भिंतीला टेकून बसली. चुलीभोवती कोणी कुठे बसायचं हे मानाप्रमाणे ठरलेलं, बायकांची जागा धुराकडे. "आमच्याकडेही हेच होतं", आई म्हणाली, आणि गप्प झाली.

या नादात स्टेशनची बस चुकली. बस फार कमी आहेत, वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. चारनंतर दुकानंही पटापट बंद होतात, मुक्काम नसेल तर त्यात अडकू नका, मात्र जमलं तर मुक्काम कराच, पर्यटक गेल्यावरची गल्ली बघायला मिळते. नागिसो स्टेशन साडेतीन किलोमीटर आहे, आम्ही बॅगा ओढत ते चाललो. वाटेत एक जुनं वाफेचं इंजिन उभं केलंय, तिथे उरलेली दशमी संपवली. नागिसोला एक्सप्रेस फारशी थांबत नाही, मिळेल ती लोकल पकडून नाकात्सुगावाला बदला.