करवत घ्यायला गेले, पँट घेऊन आले

जर्मनीतल्या स्टुटगार्टजवळच्या या भागात चेनसॉचं, म्हणजे यंत्रावर चालणाऱ्या साखळीच्या करवतीचं, कौतुक कुणाला नाही. चेनसॉ बनवणारी श्टिल कंपनी 1926 साली स्टुटगार्टातच सुरू झाली, आणि तिचं मुख्यालय असलेलं वायब्लिंगेन आमच्या गावापासून जवळच आहे. चेनसॉने ओंडक्यातून घुबडं, अस्वलं कोरणारे लोक इथल्या जत्रेत पाहिले आणि माझ्या मनाने घेतलं. मी सावंतवाडीची. तिथल्या लाकडी खेळण्यांच्या चितारआळीत लाकडाच्या भुशात खेळून मोठी झाले. हे आपल्याला जमलंच पाहिजे, असं वाटलं.

मागच्या शनिवारी दुकानात गेले. काउंटरवरच्या आजोबांनी पहिला प्रश्न विचारला, "पँट आहे का?" मला कळेचना. मग राग आला. मी करवत मागते आहे आणि हे कपडे विचारतात! बाई म्हणून की परकी म्हणून, हेही मनात येऊन गेलं. "आमच्याकडचे कारागीर पायाच्या बोटांनी लाकूड धरून वाकसाने, तासायच्या हत्याराने, घडवतात," असं मी जरा ठसक्यातच सांगितलं.

त्यांनी वाद घातला नाही. आतून एक फाटकी पँट आणली. मांडीवर वीतभर चीर, आणि चिरेतून पांढऱ्या धाग्यांचा गुंताच्या गुंता बाहेर आलेला. चेनसॉसाठीच्या या पँटच्या आत लांब, सैल धाग्यांचे थरावर थर असतात. साखळी कापडाला लागली की ते ओढले जातात, करवतीच्या आतल्या दातेरी चाकाभोवती गुंडाळतात आणि करवत तिथेच अडकते. संरक्षणाच्या पहिल्या वर्गाची पँट सेकंदाला 20 मीटर वेगाच्या साखळीवर तपासलेली असते. मी तो गुंता बोटांनी विंचरून पाहिला. ती पँट कुणाची, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

तरी आपल्या माणसांना मी निष्काळजी म्हणू देणार नाही. वाकस हातानेच चालतो आणि हात थांबला की थांबतो. इथे वेग यंत्राचा आहे, म्हणून कपडेही वेगळे. पुढचे चार दिवस मी मनाशी हेच घोकत होते.

करवतीचं मात्र पटकन ठरलं. पेट्रोलची चालते छान, पण तिचा आवाज आमच्या गावात कुणी सोसणार नाही. रविवारी आणि सणाच्या दिवशी वस्तीत कुठलीही चेनसॉ, अगदी बॅटरीचीही, चालवायला कायद्यानेच बंदी आहे, इतर दिवशी रात्री 8 ते सकाळी 7. आवाज कमी म्हणून बॅटरीची छोटी घेतली. खरा फरक पट्टीचा, म्हणजे साखळी जिच्या कडेने फिरते तिचा. साध्या पट्टीचं टोक रुंद असतं, आणि त्याचा वरचा कोपरा लाकडाला लागला की करवत उसळून अंगावर येते. कोरण्याच्या पट्टीचं टोक नाण्याएवढं बारीक, त्यामुळे उसळी कमी आणि डोळे, पिसं कोरता येतात. तिला पाव इंची पिचची (कड्यांमधल्या अंतराच्या मापाची) साखळी लागते, आणि आतलं दातेरी चाकही त्याच मापाचं हवं. टोकाला फिरतं चाक नसल्यामुळे ते लवकर तापतं, म्हणून तेलाकडे सतत लक्ष हवं. आजोबांनी हे सगळं सांगितलं, पण पँट, हेल्मेट आणि बूट बाजूला काढून ठेवल्यावरच. दोन दिवसांचा कोर्सही करायला लावला.

पहिली वस्तू म्हणून सगळे अळंबी करतात, मीही केली. टोपी थोडी कललीय. ओलं लाकूड कापायला सोपं, पण वाळताना तडकतं, म्हणून मागच्या बाजूने गाभ्यापर्यंत एक चीर मुद्दाम देऊन ठेवली, म्हणजे तडा तिथेच जाईल.

आईला फोटो पाठवला. तिने आधी टोपीवरचे ठिपके मोजले, मग विचारलं, "लाकूड कुठलं गं? पांगारा मिळतो का तिकडे?"

लिंडन आहे, आई. पांगाऱ्यासारखंच फिकं आणि मऊ.