गर्भगळीत संघ

शनिवार, रात्र

सकाळी क्रीडापानावर मथळा होता, ‘पाहुणा संघ गर्भगळीत’. अकरा धडधाकट बाप्ये आणि गर्भगळीत! आधी हसू आलं, मग शब्द डोक्यातून जाईना. भीतीच्या धसक्याने बाईचा गर्भ गळून पडावा, इतकी मोठी भीती त्यात भरलेली. आणि आता तीन विकेट पडल्या की तो कामाला येतो.

दिवसभर मग तोच नाद. ‘त्रास’ घ्या. संस्कृतात त्रास म्हणजे थेट भय. त्रस् म्हणजे भीतीने थरथरणं. आपल्याला पित्ताचा त्रास होतो, डासांचा होतो, वरच्या मजल्यावरच्या ड्रिलचा तर रोजच. ‘संकोच’ म्हणजे मुळात आक्रसणं, ‘आकुंचन’ त्याच्याच घरातलं. आता पंगतीत वाढणारा म्हणतो, संकोच करू नका, आणखी एक पुरणपोळी घ्या.

पण खरी गंमत ‘पाचावर धारण बसणे’मध्ये. धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव. जुन्या काळी भाव आपल्या दृष्टीने उलटा सांगत, रुपयाला इतके शेर. म्हणजे आकडा उतरला की महागाई चढली. धारण पाचावर आली, रुपयाला जेमतेम पाच शेर मिळू लागले, की घरातल्या कर्त्याचे हातपाय गळायचे. वाक्प्रचार त्यातून आला असं सांगतात. मला हे पटतं. भुताखेतांच्या भीतीला इतका नेमका आकडा कशाला लागेल? १८७६–७८ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हलाखी गोळा करून सरकारपुढे मांडली होती, तेव्हा धारण हा शब्द घराघरात कसा उच्चारला जात असेल! आज मार्केट यार्डात भुसाराचा भाव क्विंटलवर बोलतात, आकडा चढला की महागाई. त्यामुळे पोरांना पाच हा आकडा घाबरण्याइतका लहान का, हेच कळत नाही. चौथीच्या पुस्तकात ‘अर्थ : खूप घाबरणे’ एवढं छापून मोकळे होतात. वाक्यात उपयोग करा, दोन गुण.

‘बुजणे’ तेवढा अजून शाबूत आहे. बैल बुजतो, घोडा बुजतो, नव्या माणसाला पाहून पोर बुजतं. त्यात भित्रेपणाचा ठपका नाही, म्हणून तो मला जवळचा वाटतो. बुजगावणं त्याच्यातूनच आलं. मुळशीच्या वाटेवर एका शेतात बुजगावण्याच्या डोक्यावरच्या मडक्यावर कावळा निवांत चोच घासत बसलेला पाहिलाय. मथळेवाल्यांनी त्याला काय म्हटलं असतं कोण जाणे.