भागाच्या मध्येच थांबताना

नोकरीसाठी पुण्यात आल्यापासून रात्री अकराला झोपायचे असे मी रोज ठरवते आणि बहुतेक रात्री दीडच्या सुमारास दिवा मालवते. सकाळी कंपनीची बस गाठायची असते आणि जागे राहण्याचे काहीच कारण नसते, तरीही मालिकेचा 'एवढा एकच भाग' संपता संपत नाही.

नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठाच्या फ्लोर क्रूसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या सवयीची नेमकी व्याख्या केली: बाहेरची कोणतीही अडचण नसताना ठरवलेल्या वेळी झोपायला न जाणे. ज्यांचा स्वतःवर ताबा कमी, त्यांच्यात ही चालढकल जास्त, असे त्यांच्या पाहणीत दिसले. हे वाचून मी काही दिवस स्वतःलाच दोष देत होते.

आता मात्र मला तो हिशेब अपुरा वाटतो. आईच्या तरुणपणी दूरदर्शनवरची मालिका आठवड्यातून एकदाच लागे, त्यामुळे थांबण्यासाठी तिला संयमाची गरजच नव्हती. नेटफ्लिक्सने २०१३ मध्ये एका मालिकेचे तेराही भाग एकाच दिवशी खुले केले, आणि पुढचा भाग आपोआप सुरू होऊ लागल्यावर तर पाहत राहायला काहीच करावे लागत नाही, उठायला मात्र निश्चय लागतो. तोही दिवसभराच्या कामाने थकलेल्या मनाने करायचा. आपली स्पर्धा झोपेशी आहे, असे त्या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज २०१७ मध्ये बोलूनही गेले होते. (निदान प्रामाणिकपणे!)

त्याच वर्षी १८ ते २५ वयाच्या ४२३ तरुणांच्या पाहणीवर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सलग भाग पाहणाऱ्यांची झोप अधिक वाईट असल्याचे त्यात आढळले आणि त्याचा संबंध अंथरुणावर पडल्यावरही मनात चालू राहणाऱ्या खळबळीशी जोडला गेला. माझा अनुभव तंतोतंत असाच आहे: पडदा बंद होतो, पण खुनी कोण याचा तपास उशीवर चालूच राहतो.

म्हणून हल्ली मी भाग संपण्याची वाट पाहत नाही. शेवटच्या मिनिटाला उत्कंठा मुद्दाम ताणलेली असते, तर मध्यावर बहुधा कोणीतरी चहा पीत निवांत बोलत बसलेले असते. तिथेच थांबते आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावते. शनिवारी हे जमत नाही. काल मात्र इन्स्पेक्टर जेवायला बसला, तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती, आणि मी त्याला जेवू दिले.