तुम्ही विचारलंत म्हणून: आता घेऊ, की सेलपर्यंत थांबू?

"दादा, हा कॉम्प्युटर गेम आता घेऊ का सेलपर्यंत थांबू?" हा प्रश्न मला नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत विचारला जातो, फुटाळ्यावर विचारला जातो, लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. मी "थांब" म्हटलं की दुसरा प्रश्न ठरलेला: "काहून बे? दोन हजारांसाठी सहा महिने थांबायचं?" दोन हजारांसाठी नाही. पैसा हे माझ्या "थांब"मागचं सगळ्यात लहान कारण आहे. पण तुम्ही विचारता भावाबद्दल, म्हणून तेच आधी आटोपतो.

स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, भाव चढवून लगेच त्यावर सूट दाखवता येत नाही. किंमत वाढवली की पुढचे ३० दिवस सूट बंद. नवा गेम आला की सुरुवातीची सूट सोडून पहिले ३० दिवसही तसंच. दर काही तासांनी बदलणाऱ्या सुटी २०१५ मध्येच गेल्या, त्यामुळे सेलच्या पहिल्या रात्री आणि शेवटच्या रात्री भाव साधारण सारखाच असतो. जूनअखेरच्या सेलसाठी रात्री साडेदहाला पेमेंटवर तुटून पडायची गरज नाही. स्टीमडीबी या भावांची नोंद ठेवणाऱ्या साइटवर गेमचं पान उघडा, चलन रुपया करा, आतापर्यंतची सर्वांत कमी किंमत बघा. आजचा भाव तिच्या जवळ असेल तर घ्या. आणि घेतल्यावर दोन दिवसांनी सेल लागला तर कपाळाला हात लावू नका. खरेदीला १४ दिवस आणि खेळाला २ तास झाले नसतील तर पैसे परत मागा आणि सेलच्या भावात पुन्हा घ्या. याला आपण गैरवापर मानत नाही, असं स्टीमच्या नियमांतच लिहिलंय.

ते २ तास मात्र जपून वापरा. गेम चालू केल्यापासून घड्याळ पळतं. शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होतानाची पंधरा-वीस मिनिटं, कंपनीचा वेगळा लाँचर (गेम सुरू करून देणारं ॲप) उघडा राहिलेला वेळ, मेन्यू तसाच ठेवून जेवायला गेलेला वेळ, सगळं त्यात धरलं जातं. म्हणून ग्राफिक्स ड्रायव्हर आधीच अपडेट करा आणि सुरुवातीचा शिकवणीचा भाग संपला की थेट गर्दीच्या जागी जाऊन फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात ते, बघा. आणि नागपुरात असाल तर चाचणी दुपारी घ्या. डिसेंबरच्या रात्री गुळगुळीत चालणारा गेम मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी त्याच मशीनवर अडखळतो, कारण तापलेलं ग्राफिक्स कार्ड स्वतःचा वेग कमी करतं. त्यावर इलाज म्हणून पीसी घरातल्या पाण्याच्या कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. ती हवा ओली असते.

आता खरं कारण. २०२० पर्यंत माझं मत उलटं होतं. चांगल्या स्टुडिओवर विश्वास ठेवावा, आधी पैसे भरावेत, त्यानं त्यांना बळ मिळतं, असं मी तावातावानं सांगायचो. मग सायबरपंक २०७७ आला.

त्याची तारीख आधी १६ एप्रिल होती, मग १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेम 'गोल्ड' झाल्याचं, म्हणजे डिस्क छापायला गेल्याचं जाहीर झालं आणि त्याच महिन्यात तारीख पुन्हा पुढे, १० डिसेंबरवर गेली. हे लक्षण तिथेच ओळखायला हवं होतं. समीक्षकांना आधी फक्त पीसीची आवृत्ती मिळाली आणि स्वतः टिपलेले व्हिडिओ दाखवायलाही त्यांना मनाई होती. सोनीचा पीएस४ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांवर) तो कसा चालतो हे समीक्षकांना आधी तपासायला मिळालंच नव्हतं. तोवर ८० लाख प्री-ऑर्डर झाल्या होत्या. मग दिसलं ते असं: जुन्या कन्सोलवर फ्रेम कोसळत होत्या, चेहरे उशिरा उमटत होते, गेम मध्येच बंद पडत होता. पीसीवर सेव्ह फाइल ८ एमबीच्या वर गेली की ती खराब होऊ शकत होती. म्हणजे ज्यानं जास्त वेळ खेळून जास्त सामान जमवलं, त्याचाच खेळ बुडण्याचा धोका जास्त. १८ डिसेंबरला सोनीनं गेम आपल्या दुकानातून काढला. तो परतला २१ जून २०२१ ला.

सप्टेंबर २०२३ मध्ये २.० पॅच, म्हणजे मोठी दुरुस्ती, आली. कौशल्यं वाढवायची पद्धत, पोलिसांची वागणूक, चिलखताची पद्धत, सगळं नव्यानं रचलं होतं. आज तो मनापासून सुचवावा असा गेम आहे आणि सेलमध्ये अर्ध्याहून कमी भावात मिळतो. मग सांगा, पूर्ण पैसे भरून कच्चा गेम कुणाला मिळाला? ज्यांचं प्रेम सगळ्यात जास्त होतं त्यांना. हे मला अजून बोचतं.

म्हणून प्री-ऑर्डर नाही. डिजिटल दुकानात माल संपत नाही.

पण माझा जुना आवाज अजून भांडतो, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. सगळेच थांबले तर लहान स्टुडिओ जगणार कसा? पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या लहान स्टुडिओनं २०२० मध्ये 'राजी' हा गेम आणला, तेव्हा त्यालाही "सेलला बघू" म्हणणं मला पटत नाही. असा गेम पहिल्या आठवड्यात पूर्ण भावानं घ्यावा, असं मी म्हणतो. मग मोठ्याला एक न्याय आणि लहानाला दुसरा का? हो, दुसराच. त्याहून नेमकं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

ऑनलाइन गेमचं गणित तर उलटंच आहे. तिथे थांबलात तर सोबत खेळायला माणसंच उरत नाहीत. द क्रू हा गाड्यांच्या शर्यतीचा ऑनलाइन गेम डिसेंबर २०२३ मध्ये विक्रीतून गेला आणि ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले. एकट्यानं खेळायचा भागही सर्व्हरशिवाय चालत नव्हता, त्यामुळे विकत घेतलेला अख्खा गेम गेला. म्हणून जुना ऑनलाइन गेम मातीमोल भावात दिसला की आधी दुकानाच्या पानावर कायम इंटरनेट लागतं का ते वाचा. गेम आपल्याजवळ राहावा असं वाटत असेल तर तो जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात आहे का बघा. तिथे इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येतो.

आता जीटीए ६, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो मालिकेतला पुढचा गेम. जाहीर तारीख १९ नोव्हेंबर २०२६, तीही फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ ला पीसीवर यायला वर्षभर लागलं. पीसीवाल्यांनो, तुमच्यासाठी थांबायचं की नाही हा प्रश्नच नाही. कन्सोल असलेल्यांनी पहिला आठवडा इतरांचे व्हिडिओ बघावेत, तेही स्वतःकडे आहे त्याच कन्सोलवरचे. माझ्याकडून तो आठवडा निघेल का, हे मात्र मला विचारू नका.