ठेवीमागे शंभर टक्के राखीव निधी ठेवला तर?

बँक 100 च्या ठेवीतले 10 तिजोरीत ठेवते आणि 90 दुसऱ्याला कर्जाऊ देते, या पाठ्यपुस्तकी चित्रापासून पूर्ण राखीव निधीचा वाद सुरू केला की तो भरकटतोच. कर्ज मंजूर होतं तेव्हा ताळेबंदात दोन नोंदी एकदमच पडतात: येण्याच्या बाजूला कर्ज 1,000, देण्याच्या बाजूला कर्जदाराच्या खात्यात ठेव 1,000. कुणाची ठेव उचलून कुणाला दिलेली नसते. राखीव निधीची, म्हणजे तिजोरीतल्या रोकडीची आणि मध्यवर्ती बँकेतल्या शिलकीची, गरज पडते ती नंतर. कर्जदाराने त्या 1,000 चा चेक दुसऱ्या बँकेच्या ग्राहकाला दिला आणि त्याच दिवशी तिकडून 950 चे चेक आले, तर क्लिअरिंगमध्ये, म्हणजे बँकांच्या आपसातल्या हिशेबात, द्यायचे उरतात फक्त 50. थोड्या निधीवर एवढा गाडा चालतो तो असा.

म्हणून राखीव प्रमाण हा आता खरा लगाम राहिलेला नाही. अमेरिकेत 26 मार्च 2020 पासून ते शून्य टक्के आहे. लगाम आहे तो भांडवलाचा, म्हणजे मालकांच्या स्वतःच्या पैशाचा, आणि 30 दिवसांत बाहेर जाऊ शकणाऱ्या पैशाइतकी सहज विकता येणारी मालमत्ता बाळगण्याच्या नियमाचा. अर्थात तोही सगळ्यांना लागू नसतो. 2023 मध्ये बुडालेल्या अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेला तो लागूच नव्हता. ती बुडाली ती अशी: दीर्घ मुदतीचे रोखे, व्याजदर चढल्यावर पडलेल्या त्यांच्या किमती, आणि 9 मार्च 2023 या एका दिवसात ठेवीदारांकडून 42 अब्ज डॉलरची मागणी.

पूर्ण राखीव निधीची योजना 1933 मध्ये शिकागोच्या अर्थतज्ज्ञांनी मांडली, पुढे अर्व्हिंग फिशर यांनी ती उचलून धरली. चालू खात्यातला प्रत्येक पैसा मध्यवर्ती बँकेत. कर्जं द्यायची ती मुदत ठेवी आणि भागभांडवलातून. कागदावर स्वच्छ दिसतं. अडतं चालू खातं कुठे संपतं त्या सीमेवर. चालू खात्यावर व्याज नाही म्हटल्यावर कुणीतरी ‘व्याजही घ्या, पैसे कधीही काढा’ असं काहीतरी विकणारच, आणि पैसे काढायची धावाधाव तिथे होणार. अमेरिकेतला रिझर्व्ह प्रायमरी फंड हा मनी मार्केट फंड (अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे गुंतवणारा फंड) होता, बँक नव्हता. तरी सप्टेंबर 2008 मध्ये त्याचं एक डॉलरचं युनिट 97 सेंटवर आलं आणि पैसे काढायला रांग लागली. स्वित्झर्लंडच्या मतदारांनी 10 जून 2018 रोजी अशीच योजना सुमारे तीन चतुर्थांश मतांनी फेटाळली.

माझ्या मते, शंभर टक्क्यांच्या नियमाहूनही अवघड काम आहे तो रोज तपासण्याचं. 1609 मध्ये स्थापन झालेली ॲमस्टरडॅमची विनिमय बँक ठेवी जशाच्या तशा सांभाळण्यासाठी प्रसिद्ध होती. आतून ती डच ईस्ट इंडिया कंपनीला गुपचूप उसने देत होती. 1790 च्या सुमारास ते बाहेर फुटलं. 1819 मध्ये बँक बंद झाली.