उकळणारा दगड

शोकेस पुसायला घेतली की तो दगड हातात येतोच. मुठीएवढा, बाहेरून काळपट, आतून पोकळ, आणि पोकळीत पांढऱ्या सुयांची दाटी. फडकं लावायचं नाही, सुया मोडतात. नुसती फुंकर मारायची. परवा दुपारी माझं तेच चाललं होतं, तेव्हा भाची म्हणाली, "आत्या, याला काय म्हणतेस तू?"

"गारगोटी. दुसरं काय?"

ती भूगर्भशास्त्र शिकते. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "स्कोलेसाइट आहे हा. झिओलाइटच्या घराण्यातला."

घराणं म्हटल्यावर मी खुर्ची ओढून बसले.

झिओलाइट म्हणजे ग्रीकमध्ये उकळणारा दगड. 1756 साली क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने फुंकणीच्या ज्योतीत असा खडा धरला, तर तो चक्क फसफसला. आत पाणी असतं म्हणे. माझा स्कोलेसाइट ज्योतीत अळीसारखा वळवळतो, म्हणून त्याच्या नावात ग्रीक किडा. वाघोलीच्या खाणींतून, जळगावकडून जो काचेसारखा अपोफिलाइट निघतो, त्याचे तापवल्यावर पापुद्रे सुटतात, म्हणून त्याच्या नावात सुटणारं पान. काय ही पद्धत! पाहुणा दारात आला की आधी चटका द्यायचा आणि तो कसा ओरडला ते पाहून नाव ठेवायचं.

त्यातल्या त्यात वाघोलीचाच निळाशार कॅव्हन्साइट सुटला. तो आधी सापडला अमेरिकेत, ओरेगॉनमध्ये. 1973 साली त्याचं बारसं झालं ते कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांची आद्याक्षरं जोडून. आमच्या कॉलनीत सुनील आणि मानसीच्या बंगल्याचं नाव 'सुमान' आहे, तसंच.

माझ्या दगडाला कुणी चटका दिला नव्हता. तो आला आमच्या मळ्यातल्या विहिरीतून. मी सहावीत असेन. चार परस खोल गेलं तरी काळा पाषाणच. अण्णाकाका रोज काठावर उकिडवे बसायचे, विडी न पेटवता नुसती तोंडात धरून. सुरुंग लावला की आम्हा पोरांना गोठ्यामागे पिटाळायचे. धप्प आवाज, मग पत्र्यावर खड्यांची सर, मग तो सुरुंगाच्या दारूचा वास. यारीने वर टाकलेल्या ढिगाऱ्यावर आम्ही धावायचो. एक दिवस ढिगारा लखलखत होता. मला वाटलं हिरे. विहिरीचे कारागीर खालून ओरडले, "अण्णा, मांजऱ्या लागला!"

मांजऱ्या म्हणजे हाच, भोकाभोकांचा खडक. लाव्हा थिजताना त्यात बुडबुडे अडकले आणि पुढे त्या भोकांतून पाणी फिरून फिरून सुया तयार झाल्या, हे भाचीने आत्ता सांगितलं. तेव्हा एवढंच कळलं की काकांनी विडी पेटवली. दुसऱ्या दिवशी कपारीतून करंगळीएवढी धार लागली होती. आजी म्हणाली, दगडाला पाझर फुटला. हे ती एरवी फक्त तिच्या चिकट दिरानं उसने पैसे परत केले की म्हणायची.

"आणि याचा उपयोग काय?" मी विचारलं. बायकी प्रश्न म्हणून भाची हसली, पण सांगायला लागली. कपडे धुण्याच्या पावडरीत, पाणी मऊ करायला. कोळंबीच्या तळ्यांत. "आणि ऑक्सिजनच्या मशीनमध्ये. कारखान्यात घडवलेल्या झिओलाइटच्या बारीक गोळ्या असतात आत. हवा दाबून सोडली की गोळ्या नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे जातो."

मी फुंकर मारायची थांबले.

2021 चा एप्रिल. दवाखान्यात खाट नव्हती. कुणाच्या तरी ओळखीने भाड्याचं मशीन मिळालं. अण्णाकाकांच्या उशाशी ते रात्रंदिवस घुरघुरायचं, मध्येच फुस्स करून सुस्कारा टाकायचं. लाईट जाईल या धास्तीने आम्ही आळीपाळीने जागायचो. काका डोळे मिटूनच विचारायचे, "मोटर कुणी चालू ठेवलीय? विहीर आटंल."

पाचव्या दिवशी सकाळी पलीकडच्या आळीतले लोक मशीन न्यायला आले. त्यांना घाई होती. आम्हाला आता ते लागणार नव्हतं.